मॅडम, खातं काढायचंय

खातं काढायला आलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. किती पैसे भरायचे आणि एटीएम कधी मिळणार? तिसरा प्रश्न सहसा नसतोच. फॉर्म पुढे सरकवला की उत्तर येतं, "तुम्हीच भरा ना मॅडम, मी सह्या करतो."

१९८८ मध्ये मी एका सरकारी बँकेत कारकून म्हणून लागले आणि २०२५ मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरी बहुतेक मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत झाली आणि तिचा मोठा हिस्सा नवीन खात्यांच्या टेबलावर गेला. एवढ्या काळात जाडजूड लेजरं गेली, संगणक आले, आधार आलं, पण 'तुम्हीच भरा' काही गेलं नाही. आता तर मोबाइलवर अटी न वाचता खूण करून माणूस चहा निवायच्या आत खातेदार होतो. फॉर्मवरच्या बऱ्याच रकान्यांशी खातेदाराचं फारसं देणंघेणं नसतं, हे मला मान्य आहे. पण त्यातल्या मोजक्या जागा अशा आहेत की तिथे काय लिहिलं यावर पुढे घरातल्या कुणाला किती हेलपाटे पडतील ते ठरतं. त्या जागा कारकुनावर सोडू नयेत.

मी लागले तेव्हा कागदांपेक्षा ओळख महत्त्वाची होती. त्याच शाखेतल्या जुन्या खातेदारानं 'मी यांना ओळखतो' अशी सही केली की खातं उघडायचं. आमच्या पहिल्या शाखेसमोरच्या कापडदुकानदाराची सही निम्म्या गावाच्या फॉर्मवर होती. ज्याला गावात कुणी ओळखत नाही, किंवा ज्याच्यासाठी सही करायची कुणाची इच्छा नाही, त्याला मात्र बँकेचं दार बंद. पालावर राहणारा, गावकुसाबाहेरचा, नवऱ्यानं टाकलेली बाई यांना ओळख कोण देणार? मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००२ मध्ये झाला आणि २००५ च्या जुलैपासून लागू झाला. मग ग्राहकाची ओळख पटवून घ्यायचं काम कागदांवर गेलं. पुढे रिझर्व्ह बँकेनं ओळखीच्या सहीचा आग्रह धरू नका, असं बँकांना स्पष्टच सांगितलं. या कागदी ओळखीला, म्हणजे केवायसीला, लोक नावं ठेवतात, पण त्या सहीसाठी दुकानदाराच्या पायरीवर ताटकळलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यामुळे मला कागद परवडतात.

आता ओळख आणि पत्त्यासाठी चालणारे कागद मोजके आहेत: पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. सोबत पॅन, ते नसेल तर पॅन नसल्याचं घोषणापत्र. या यादीत रेशनकार्ड नाही. लोक प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून आणतात ते नेमकं रेशनकार्डच, आणि ते परत देताना त्यांचा चेहरा बघवत नाही. आधार हा यादीतला एक पर्याय आहे, एकमेव नाही. बँक खात्याला आधारची सक्ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. सरकारी योजनेचे पैसे घ्यायचे असतील तर मात्र आधार लागतं.

कागद कोणते यावर क्वचितच अडतं. अडतं ते नावावर.

आपल्याकडे लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि जुन्या पिढीत तर पहिलं नावही बदलायचं. मग शाळेच्या दाखल्यावर ती सुनीता बापाच्या नावासह, मतदार यादीत सुनंदाबाई नवऱ्याच्या नावासह. आधार काढणाऱ्या पोरानं 'बाई' गाळलेलं असतं, आणि पॅनवर, लग्नाला तीस वर्षं झाली तरी, वडिलांच्या नावाचा रकाना असतोच. पुरुषांचीही यातून सुटका नाही. कुठे 'राव' लागतो, कुठे 'भाऊ', कुठे मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. गावात या सगळ्यांना एकच माणूस म्हणून ओळखतात. संगणक त्यांना चार माणसं समजतो.

खातं उघडताना हे कसंबसं निभावतं, कारण समोर बसलेल्या अधिकाऱ्याला माणूस दिसत असतो. खरी अडचण नंतर येते. भूसंपादनाचा धनादेश सातबाऱ्यावरच्या नावानं निघतो, नवऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे त्याच्या कंपनीनं नोंदवलेल्या नावानं येतात, विमा कंपनीकडे तिसरंच स्पेलिंग असतं. मग प्रतिज्ञापत्र करा, तहसीलला जा, फोटो चिकटवा. म्हणून खातं काढायच्या आधीच आधार आणि पॅनवरचं नाव अक्षर न् अक्षर एक करून घ्यावं आणि खातंही त्याच नावानं काढावं. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि ओळखपत्र माहेरच्या नावाचं असेल, तर शासनाचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र जोडलं की तेच ओळखपत्र चालतं. हा नियम काउंटरवरच्या नव्या मुलाला माहीत असेलच असं नाही, म्हणून खातेदारानं लक्षात ठेवलेला बरा. लग्नाची नोंदणी मात्र केलेली हवी. आमच्या भागात पत्रिका जपून ठेवतात, नोंदणी करत नाहीत. पत्रिकेवर कितीही आमदारांची नावं छापलेली असोत, बँकेला तिचा उपयोग नाही.

आणि माझं एक वैयक्तिक मत, बँकेचं नव्हे: मुलींनी लग्नानंतर सगळ्या कागदांवरचं नाव बदलायची घाई करू नये. कायद्यानं ते बदलावंच लागतं असं नाही.

पत्त्याचंही असंच. आमच्याकडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. ओळखपत्रावरचा पत्ता गावचा, राहणं कारखान्याच्या तळावर. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या नोकरदार पोरांचीही तीच तऱ्हा. सध्याचा पत्ता ओळखपत्रावर नसेल तर दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती असा कागद तात्पुरता चालतो, आणि तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र आणून द्यायचं असतं. वरच्या यादीतला एकही कागद नसेल तरी माणसाला हाकलून देता येत नाही. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून, फोटो देऊन 'स्मॉल अकाउंट' निघतं. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांवर जाऊ शकत नाही, महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाही आणि वर्षभरातला एकूण भरणा एक लाखाच्या आत राहावा लागतो. खातं आधी एक वर्षापुरतं असतं. त्या अवधीत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी एक वर्ष मिळतं.

आता पैशांचा प्रश्न. शून्य शिल्लक चालणारं साधं बचत खातं हा कुणाचा उपकार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक बँकेनं ते द्यायचंच आहे, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेली जनधन खाती याच जातीची. एटीएम कार्ड फुकट, भरण्याला मर्यादा नाही, महिन्यातून चार वेळा पैसे काढणं मोफत. हे खातं एकाच बँकेत एकच ठेवता येतं, आणि त्या बँकेत त्याखेरीज दुसरं बचत खातं चालत नाही. नेहमीच्या बचत खात्यांवरही किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड स्टेट बँकेनं २०२० मध्ये काढून टाकला. कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक यांनी २०२५ मध्ये तेच केलं. खासगी बँकांचे आकडे मात्र मोठे असतात. तिथे 'किती भरायचे' यापेक्षा 'कायम किती ठेवायचे आणि नाही ठेवले तर किती कापणार' असं विचारावं.

२०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेसाठी शाखांसमोर ज्या रांगा लागल्या, त्या मी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिल्या. पंधराशे रुपयांसाठी पहाटे येऊन बसलेल्या कितीतरी बायकांचं खातं आधीपासूनच होतं. "दुसऱ्या बँकेत काढलं तर पैसे लवकर येतात," असं कुणीतरी सांगितलं होतं. घोळ कुठे होता ते समजून घ्या. बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि आधार सीडिंग वेगळं. झेरॉक्सनं तुमची ओळख पटते. सीडिंग म्हणजे तुमचा आधार क्रमांक सध्या कुठल्या बँकेशी जोडला आहे, याची राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे असलेली नोंद. एका आधारासाठी अशी एकच बँक असते, आणि तुम्ही शेवटी जिथे संमती दिली ती. म्हणून नवं खातं काढताना सीडिंगच्या रकान्यात न वाचता खूण केली, की गॅसची सबसिडी, शेतकरी सन्मान, लाडकी बहीण, सगळं गुपचूप नव्या खात्यात वळतं आणि बाई जुन्या बँकेत पासबुक भरून भरून थकते. "मॅडम, सरकारनं पैसे बंद केले" म्हणत आलेल्या बाईचे पैसे पलीकडच्या गल्लीतल्या बँकेत निघाले, असं वारंवार झालं. आधाराशी कुठली बँक जोडली आहे, हे आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं.

धंद्याचं खातं ही वेगळी गोष्ट. आमच्याकडे एक बाई काळा मसाला करून विकत. आधी शेजारपाजारी, मग आठवडी बाजारात, मग क्यूआर कोड लावून. सगळे पैसे बचत खात्यात. एका प्रदर्शनानंतर मोठ्या दुकानदारानं त्यांना मसाल्याच्या पाकिटावर छापलेल्या नावानं धनादेश दिला, आणि त्या नावाचं खातंच नव्हतं. धनादेश परत करावा लागला, आणि दुकानदारानं दुसरा लवकर दिला नाही. बचत खातं धंद्यासाठी नसतं. त्यासाठी चालू खातं काढायचं. त्यावर व्याज मिळत नाही, किमान शिल्लक जास्त लागते, ठरावीक रकमेपुढे रोख भरण्यावर आकार लागतो. पण व्यवहारांच्या संख्येवर अडवणूक नसते, धंद्याच्या नावावर धनादेश घेता येतो, आणि पुढे कर्ज मागायला गेलात की वर्षभराचा उतारा समोर ठेवता येतो. हा उतारा सगळ्यात मोलाचा.

एकट्याचा धंदा असेल तर मालकाची केवायसी आणि धंदा खरोखर चालतो याचे दोन पुरावे लागतात: उद्यम नोंदणी, गुमास्ता, जीएसटी, आयकर विवरणपत्र, दुकानाच्या नावाचं वीजबिल, यांपैकी दोन. दुसरा पुरावा खरोखरच मिळत नसेल तर बँक जागेवर येऊन खात्री करून एकावरही खातं उघडू शकते. तसा तिला अधिकार आहे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी हजार-दोन हजार घेणारे एजंट तहसीलच्या आवारात बसलेले असतात, त्यांच्या नादी लागू नये. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नाही, नुसती सूचना द्यायची आणि तिची पावती जपायची. भागीदारीला भागीदारीपत्र, नोंदणी आणि फर्मचं स्वतंत्र पॅन. कंपनीला स्थापनेचं प्रमाणपत्र, नियमावली आणि संचालक मंडळाचा ठराव. हे सहसा सीएच बघतो.

बचत गटांबद्दल मात्र सांगायलाच हवं. नियमानं गटातल्या प्रत्येक बाईचे कागद मागायची गरज नाही, पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते. तरी दहाही जणींना मजुरी बुडवून शाखेत बोलावणारे साहेब मी पाहिलेत. ठराव, शिक्का, सह्या कुणाकुणाच्या चालतील याचं पत्र आणि पदाधिकारी, एवढं घेऊन जावं आणि ठाम राहावं.

खातं कुठे काढावं? जवळ असेल तिथे, हे माझं साधं उत्तर. पण पाटी वाचावी. बँक आणि पतसंस्था यांत फरक आहे. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, मग तिचं कार्यालय कितीही चकाचक असो आणि व्याज कितीही चढं असो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. तेव्हा विम्याची मर्यादा एक लाख होती, १९९३ पासून तीच. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. ही मर्यादा एका बँकेतल्या एका माणसाच्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. मसाल्याच्या धंद्याचं एकल मालकीचं खातं आणि त्याच बाईंचं बचत खातं इथे एकाच माणसाचं धरतात. भागीदारी फर्मचं खातं वेगळं मोजतात.

आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देऊ नये. नोटबंदीत लोकांनी ओळखीच्यांची रोकड आपल्या जनधनमध्ये भरली, आता कॉलेजची पोरं दोन-पाच हजारांसाठी कार्ड आणि सिम भाड्यानं देतात. फसवणुकीचे पैसे त्यातून फिरतात, खातं गोठतं आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी.

आता फॉर्मवरच्या, माझ्या मते, सगळ्यात दुर्लक्षित दोन जागा. पहिली, खातं कोण चालवणार ती. जोडखात्यात 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं की दोघांपैकी कुणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो. नवरा-बायकोला हे सोयीचं असतं. पण म्हातारे वडील निवृत्तीची रक्कम मुलासोबत अशा खात्यात ठेवतात, तेव्हा मुलगा उद्या सकाळी ती सगळी काढू शकतो आणि बँक त्याला अडवू शकत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्यासाठी 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असतं: पहिलं नाव ज्याचं, तो हयात असेपर्यंत तोच चालवणार, नंतर दुसरा. मुलावर विश्वास नाही का, असं विचारणारे नातेवाईक भेटतील. भेटू द्या. मुदत ठेवीत आणखी एक खोच आहे. दोघांपैकी एक गेला आणि राहिलेल्याला ठेव मुदतीआधी मोडायची असेल, तर तशी मुभा दोघांनी आधी सही करून दिलेली असावी लागते. ती नसेल तर गेलेल्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करा, आणि वारसांत एक दुबईला, एक भांडलेला.

दुसरी जागा नॉमिनीची. "आत्ताच कशाला मॅडम, अभद्र बोलता," असं मला चाळिशीतल्या पुरुषांनी सांगितलंय. रकाना रिकामा, खातं एकट्याचं, माणूस अपघातात जातो आणि बायको हेलपाट्यांत अडकते. कित्येक घरांत पिन माहीत असतो म्हणून पुढेही एटीएमनं पैसे काढत राहतात. तो गुन्हा ठरू शकतो आणि दुसऱ्या वारसानं तक्रार केली तर बाईच अडकते. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र घेऊन यायचं. सगळे कागद मिळाल्यावर १५ दिवसांत बँकेनं दावा निकाली काढायचा असतो.

नॉमिनी म्हणजे मालक मात्र नव्हे. बँकेकडून पैसे घेणारा तो विश्वस्त असतो, हक्क वारसांचाच. हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं आहे आणि तरी दर दुसऱ्या घरात यावरून भांडण आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. कुणाला किती टक्के हे लिहिता येतं, बेरीज शंभर व्हायला हवी; किंवा एकानंतर दुसरा असा क्रम देता येतो. लॉकरला फक्त क्रमच चालतो. सही करणाऱ्याला साक्षीदार लागत नाहीत, अंगठा उठवणाऱ्याला दोन लागतात, आणि ते बँकेत रांगेत उभे असलेले कुणीही चालतात. लग्नाआधी खातं काढलेल्या पोरांचे नॉमिनी आई किंवा बहीण असतात, आणि लग्न, मुलं झाली तरी ते बदलायचं राहून जातं. बदलायला फॉर्मचं एक पान लागतं.

नॉमिनेशन दिलं की बँकेनं त्याची पोच द्यायची असते, आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' असा छाप यायला हवा. घरातली सगळी पासबुकं काढून ते पान बघा. छाप नसेल तर सोमवारी गर्दी असते, मंगळवारी दुपारी जा.